भाडेकरू नसलेलं घर

आमच्या घरमालकांच्या घरात एखादी शिवी चालून जायची, पण 'भाडेकरू' हा शब्द तोंडातून काढलेला चालत नसे. मी तो पहिल्याच दिवशी काढला. भंडारा जिल्ह्यातल्या एका नगर परिषदेच्या गावी कॉलेजच्या ग्रंथालयात मला नुकतीच नोकरी लागली होती. बपेऱ्याहून, माझ्या गावाहून, एक बॅग आणि गुंडाळलेली गादी घेऊन मी आलो, आणि कोणीतरी दाखवलेल्या दारात उभं राहून मोठ्या आवाजात विचारलं, "काकाजी, भाडेकरू ठेवता का जी?" ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं आणि माझं मनगट धरून मला आत ओढलं.

"हळू बोल ना बे! भाडेकरू कोर्टात राहतात. माह्या घरी माणसं राहतात."

मग मुलाखत झाली. जात विचारली नाही, पगार विचारला नाही, लग्नाचंही विचारलं नाही. भिंतीत खिळे ठोकायची सवय आहे का, एवढं विचारलं. नाही म्हणालो. झाडं लावायची? नाही. "मंग ये. आन् कोणी विचारलं तर तू माह्या साडभावाचा पोरगा." त्यांना साडभाऊ नव्हता, हे मला पुढे काकूंकडून कळलं. तोवर मी त्याचा मुलगा म्हणून गल्लीत रुळलो होतो.

घर मुळात दोन खोल्यांचं, आणि नगर परिषदेच्या नकाशात ते अजूनही तेवढंच होतं. पण मागच्या बाजूला तांदळाचे कट्टे, म्हणजे पोती, ठेवायची पडवी होती, तिच्या दोन खोल्या झाल्या. जिन्याखाली सायकल ठेवायची जागा होती, तिला दार लागलं. गच्चीवर टिनाचं शेड आलं, त्याला भिंती आल्या, मग पंखा आला आणि शेवटी वायरमन आणि त्याची बायको आली. यातल्या एकाही गोष्टीला परवानगी नव्हती. याबद्दल काकाजींना खंत नव्हती. "घर वाढते," ते म्हणायचे, "पोरगा वाढते तसं. पोराची उंची वाढली तं आपण नगर परिषदेले सांगाले जातो का?"

काकाजी भंडाऱ्याच्या एका सरकारी कार्यालयात उभी हयात आवक-जावकच्या टेबलावर बसून निवृत्त झालेले. मूळचे आसगावचे, धानाची थोडी शेती. निवृत्त होताना ऑफिसने त्यांना शाल दिली आणि ते स्वतः एक जुना तारखेचा शिक्का घेऊन आले. तो शिक्का आमच्यावर चालायचा. नळ गळतो असं तोंडी सांगितलं तर ऐकू जात नसे. अर्ज करावा लागे. अर्जावर 'आवक' असा शिक्का पडे आणि आठवड्याने जिन्याच्या कठड्यावर उत्तर चिकटवलेलं दिसे: आपल्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार चालू आहे. न्हाणीघराच्या दाराला कडी नव्हती. मी राहिलो तेवढी वर्षं त्या कडीचा सहानुभूतीपूर्वक विचार चालू होता. म्हणून आत कोण आहे हे कळावं यासाठी मी अंघोळीला गाणं म्हणायचो, वायरमन शिट्टी वाजवायचा आणि बायकामाणसं बादलीवर तांब्या आपटायच्या. सकाळी साडेसातला रस्त्याने जाणाऱ्याला आमच्याकडे काही मंगलकार्य आहे असं वाटत असावं.

त्यांना कायद्याची धास्ती होती. नागपूरला त्यांच्या मेहुण्याच्या घरात एक मास्तर सहा महिन्यांसाठी म्हणून राहायला आले आणि पुढे त्या मास्तरांच्या नातवाचं लग्न त्याच घरातून झालं. मेहुण्याला लग्नाची पत्रिका पोस्टाने आली. ही हकीकत काकाजी सांगायला लागले की त्यांचा आवाज बसायचा. मास्तरांनी पहिल्या आठवड्यात भिंतीत एक खिळा ठोकला होता, तिथे सगळं चुकलं असं त्यांचं पक्कं मत. खिळ्याला आधी सदरा लागतो, मग कॅलेंडर, मग देवाचा फोटो. देवाचा फोटो लागला की माणूस हलत नाही. म्हणून आमच्या घरात माणसांचे कपडे दोरीवर आणि देव स्टुलावर असायचे.

तरी कब्जा होण्याची भीती उरतेच. त्यावर काकाजींनी जो उपाय काढला होता तो मी पुढे कुठेही पाहिला नाही. दर दिवाळीच्या आधी, साफसफाईच्या निमित्ताने, घरातल्या सगळ्या माणसांची बदली व्हायची. मागच्या खोलीतला जिन्याखाली, जिन्याखालचा गच्चीवर, गच्चीवरचे मागे. एकाच खोलीत बारा वर्षं राहिलं की ती खोली त्याची होते असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं, आणि ते कोणाला एका खोलीत बारा महिनेही होऊ देत नसत. जिन्यावर आदेश लागायचा: प्रशासकीय कारणास्तव. वायरमनची बायको आपलं लोखंडी कपाट दरवर्षी जिन्यावरून वर-खाली करताना त्या आदेशाकडे बघून जे बोलायची ते मी लिहीत नाही.

आणि भाडं? त्याला ते 'सहकार्य' म्हणायचे. पहिल्या तारखेला दारात येऊन हळू आवाजात विचारायचे, "सहकार्य?"

सगळ्यात जास्त हसू यायचं ते याचं, की या माणसाच्या घरात नियम इतके होते, आणि नगर परिषदेचा त्यांत एकही नव्हता.

सिस्टरबाई आल्या त्या मी आल्याच्या दुसऱ्या वर्षी. सरकारी दवाखान्यात कंत्राटी नर्स, नवरा अपघातात गेलेला, सोबत चार वर्षांची परी. त्या दिवशी गावात त्यांनी सहा घरं पाहिली होती. खोली रिकामी असायची, चहाही विचारला जायचा, मग आडनाव विचारलं जायचं आणि ते सांगितलं की खोली आत्ताच कोणाला तरी देऊन झालेली असायची. सातवं घर आमचं. काकाजींनी त्यांना खिळ्यांबद्दल विचारलं, झाडांबद्दल विचारलं, आणि "तू माही भाची" म्हणून सांगून टाकलं. बाईंनी आपणहून आडनाव सांगितलं, तर म्हणाले, "मले काय कराचं हाय त्याचं? माह्याकडे कोणी पाटी लावत नाही." मी त्यांच्यावर कितीही हसलो तरी हे वाक्य मी त्यांच्या नावावर कायमचं जमा करून ठेवलं आहे.

सिस्टरबाई शांत होत्या, पण एका गोष्टीवर अडून बसायच्या. आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर एक चांगली शाळा होती. आरटीईतून तिथे परीचा नंबर लागला असता तर बारावीपर्यंतचा नाही तरी आठवीपर्यंतचा फीचा घोर मिटला असता. फॉर्मला राहण्याचा पुरावा लागायचा: स्वतःच्या नावाचं वीजबिल, नाही तर नोंदणी केलेला भाडेकरार. वीजबिल काकाजींच्या नावाचं, आणि भाडेकरार मागायचा म्हणजे तो शब्द तोंडातून काढायचा. पहिल्या वर्षी बाईंनी करारासाठी काकाजींकडे अर्ज केला; चांगलं मराठी म्हणून तो मीच लिहून दिला. उत्तर आलं: असा कागद देण्याची या घराची प्रथा नाही. फॉर्मची तारीख गेली. दुसऱ्या वर्षी परी वयाच्या अटीत शेवटचीच बसत होती. यंदा नाही तर नाही. बाईंनी दुसरा अर्ज दिला, आणि रोज ड्युटीवरून आल्या की जिन्याच्या कठड्यावर काही चिकटवलंय का ते बघायच्या.

याच सुमारास एका सकाळी घंटागाडीच्या भोंग्यावर ओला कचरा, सुका कचरा झाल्यावर नवीनच काही ऐकू आलं. ज्यांनी घराला लागून वाढीव खोल्या काढून भाड्याने दिल्या आहेत त्यांनी त्यांची नोंद करून घ्यावी. खोलीला हवा, उजेड, न्हाणीघर असावं. राहणाऱ्याशी लेखी करार असावा. घरोघरी पाहणी होणार आहे. काकाजी कचऱ्याची बादली हातात घेऊन रस्त्यात उभे होते. गाडी निघून गेली तरी ते बादली घेऊन तिथेच उभे.

संध्याकाळी ओट्यावर सगळ्यांची सभा भरली. काकाजींनी जाहीर केलं की आपण एक कुटुंब आहोत.

"एका घरात चार गॅस कसे, असं विचारलं तं?" वायरमनने शंका काढली.

"तीन गॅस झाका. त्या दिवशी सगळे इथंसा जेवतील. काकू रांधते."

काकूंना हे तेव्हाच कळलं. त्यांनी फक्त विचारलं, "कायची भाजी करू?"

पाहणीच्या दिवशी काकूंनी पाटवड्यांचा रस्सा आणि आसगावच्या तांदळाचा भात केला. आम्ही सगळे सकाळी अकराला एका पंगतीत बसलो. खरं सांगतो, इतकी वर्षं एका छताखाली राहून एकत्र जेवायची ती पहिलीच वेळ होती, आणि रस्सा फार चांगला झाला होता. दुसऱ्यांदा भात वाढला जात असताना नगर परिषदेची मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात छापील फॉर्म. तिने चप्पल बाहेर काढली, नमस्कार केला आणि आम्हाला जेवत राहायला सांगितलं. इतकी सभ्य मुलगी येईल असं काकाजींना वाटलं नव्हतं. त्यांनी सरकारी माणूस म्हणून स्वतःसारखाच कोणीतरी धरला होता.

गडबड फॉर्मने केली. नात्यांसाठी त्यात छापील रकाने होते: पत्नी, मुलगा, मुलगी, सून, भाऊ, नातवंड. त्याखाली 'इतर'. आणि 'इतर'वर खूण केली तर मागच्या पानावरचा करारपत्राचा तपशील भरावा लागे. भाची, पुतण्या, साडभावाचा पोरगा हा काकाजींनी वर्षानुवर्षं जमवलेला गोतावळा सगळा 'इतर'मध्ये जात होता. आणि मग त्या माणसाने धाडकन निर्णय घेतला.

"हा पोरगा," वायरमनकडे बोट. "ही सून." सून भाताचा घास तोंडात ठेवून थांबली. "ही पोरगी, ही नात." सिस्टरबाईंनी मान खाली घातली. माझ्यापर्यंत बोट आलं तेव्हा रकान्यांत फारसं काही उरलं नव्हतं. "हा भाऊ."

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. काकाजींनी सत्तरी ओलांडली होती.

"सख्खा?" मुलीने विचारलं.

"सगळ्यात लहान हाय."

"आडनाव वेगळं सांगितलं त्यांनी."

"दत्तक गेला होता," काकाजी म्हणाले. "वापस आला."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी वापस आलेल्या माणसासारखा चेहरा केला. तिने ओठ दाबून लिहून घेतलं, खाली काकाजींची सही घेतली आणि पोच म्हणून एक प्रत दिली. वर इतकंच म्हणाली, "काकाजी, हे तुमचं स्वयंघोषणापत्र आहे. यातलं सगळं तुम्ही खरं म्हणून लिहून दिलंय." काकाजींनी तिला रस्सा चाखायचा आग्रह केला.

ती पोच त्यांनी दुपारीच जिन्याच्या कठड्यावर टेपने चिकटवली, विजयपताका म्हणून. त्या दिवशी ते माझ्याशी "काय लहाने भाऊ" म्हणून बोलत होते. सिस्टरबाईंनी संध्याकाळी ड्युटीला जाताना त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढला. मी पाहिलं, पण तेव्हा मला काही सुचलं नाही.

शाळेच्या फॉर्मच्या शेवटच्या तारखेला आठ दिवस उरले तेव्हा बाईंनी तिसरा अर्ज दिला. तोही मीच लिहिला, आणि त्यात जरा कडक भाषा वापरली. नव्या नियमाप्रमाणे लेखी करार हा आमचा हक्क आहे, असं एक वाक्य घातलं. ते वाक्य नडलं. 'हक्क' हा शब्द नागपूरच्या मास्तरांचा होता. दुसऱ्या दिवशी कठड्यावर आदेश लागला: मागील खोली महिनाअखेर रिकामी करावी.

बाई तो आदेश वाचताना मी शेजारी उभा होतो. माझ्या एका ऐटदार वाक्यामुळे परीची शाळा तर जाणारच होती, आता छप्परही जात होतं. मला स्वतःची लाज वाटली आणि मी तसं त्यांना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुमी वाक्य बरोबरच लिहिलं, सर. चला माह्यासंगं." आणि त्या सरळ ओट्यावर गेल्या.

काकाजी पेपर वाचत होते. काकू तांदूळ निवडत होत्या. बाईंनी मोबाईल काकाजींच्या समोर धरला.

"बाबाजी, ही सही तुमचीच ना?"

"हो. मंग?"

"इथं मले पोरगी लिहिलं. परीले नात लिहिलं. सरकारच्या कागदावर. मंग पोरीले घरातून काहून काढून राहिले? माहं काय चुकलं?"

काकाजी हसायला गेले आणि हसू मध्येच राहिलं. त्यांनी चष्मा लावून स्वतःची सही पाहिली. चार दशकं दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारलेला माणूस. कागदावर आलं की ते होतं, यावर त्यांची जितकी श्रद्धा होती तितकी देवावरही नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुह्या लायब्ररीत कायद्याचे पुस्तकं हाय ना? काय हाय मंग पोरीचं?"

"मुलीले बापाच्या घरात मुलाएवढाच हक्क हाय, काकाजी," मी गंभीरपणे म्हणालो. वाक्य कायद्याला धरून होतं. एका फॉर्मवर लिहून कोणी कोणाची मुलगी होत नाही, एवढंच सांगायचं मी ठेवून दिलं. आयुष्यात मी फार थोड्या वेळा इतका मन लावून गप्प बसलो आहे.

काकाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हैदराबादला नोकरी करणारा त्यांचा एकुलता एक मुलगा, तो हे ऐकल्यावर काय म्हणेल, हे सगळं त्यांच्या कपाळावर वाचता येत होतं. भाडेकरूला एक खिळा ठोकू द्यायचा नाही म्हणून जन्मभर जपलेल्या घरात त्यांनी स्वतःच्या हाताने एक मुलगी, एक मुलगा आणि एक भाऊ असे तीन हिस्सेदार बसवले होते.

"किती मांगून राहिली तू?" ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

बाईंचे डोळे भरले. इतका वेळ त्या फार धीराने बोलत होत्या. "मले हिस्सा नाही पायजे बाबाजी. तुमची पोरगीही नाही होयाचं मले. मले भाडेकरू लिहा. परीच्या फॉर्मले तेवढाच कागद लागते."

मग काकूंनी सूप बाजूला ठेवलं. त्या घरात काकूंचा आवाज 'कायची भाजी करू' याच्या पुढे गेलेला मी ऐकला नव्हता.

"लिहून द्या ना जी," त्या म्हणाल्या. "पोरगी लिहितानी हात नाही थरथरला तुमचा. भाडेकरू लिहितानी कायले थरथरते?"

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं, म्हणजे काकाजींना फार त्रास झाला. आधी नगर परिषदेत जाऊन जुनं घोषणापत्र मागे घ्यावं लागलं. अर्ज त्यांनी मला लिहू दिला नाही, स्वतः लिहिला. 'नजरचुकीने मुलगी लिहिली गेली. नजरचुकीने भाऊ लिहिला गेला.' त्याच मुलीने तो अर्ज घेतला, आणि काकाजींनी सवयीने विचारलं, "आवक नंबर?" तिने नंबर दिला. वाढीव खोल्यांची नोंद झाली, कर वाढला, आणि न्हाणीघराला आतून कडी असणं आवश्यक आहे हे त्यांना सरकारकडून लेखी कळलं. कडी बसली त्या सकाळी वायरमन सवयीने शिट्टी वाजवतच होता.

परीचा नंबर लागला. ती आता मोठी झाली आहे. मी तिथून बदली होऊन निघालो त्याला बरीच वर्षं झाली, आणि काकाजीही आता नाहीत. त्यांच्याबद्दल कोणी विचारलं की मी लोकांना खिळ्याचं सांगतो, दत्तक गेलेल्या भावाचं सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. पण एकट्याला आठवतं ते कराराच्या दिवशीचं.

तहसीलसमोरच्या एका दुकानात ऑनलाइन करार करून देणारा माणूस कॉम्प्युटरवर बसला होता. फॉर्मची तारीख दुसऱ्या दिवशी संपत होती. काकाजींचा मशीनवर अंगठा झाला, बाईंचा झाला, साक्षीदार म्हणून माझा झाला. 'भाडेकरू' या शब्दापुढे बाईंचं पूर्ण नाव आडनावासकट उमटलं. काकाजींनी ते मोठ्याने वाचलं. दुकानात चार माणसं होती, तरी मोठ्याने वाचलं. मग त्यांची नजर खाली मुदतीवर गेली.

"अकराच महिने? साल तं बारा महिन्याचं राहते."

"अकराचाच करतात काकाजी," दुकानदार म्हणाला. "मग नवा करायचा. नाही तर खाली करायचं."

"आन् बाराव्या महिन्यात ही कोठी जाईन लेकरू घेऊन?"

"ते तुम्ही बघा."

काकाजींनी बाईंकडे पाहिलं नाही. कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "बाराव्या महिन्यात माहेरी आली, असं लिहा."

दुकानदार हसला. बाईंनी ओढणी तोंडाला लावली. माझ्याच्याने तिकडे बघवेना. दुकानदार म्हणाला, "काकाजी, यात असा रकाना नाही येत."

"मंग पाडा रकाना," काकाजी म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "मी थांबतो."